पापनाशमची बिऱ्हाडे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभकोणमच्या अलीकडे सुमारे पंधरा किलोमीटरांवर, पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. खर-दूषणांच्या वधाचे पाप फेडण्यासाठी रामाने येथे शिवलिंगे स्थापिली अशी स्थलपुराणाची कथा आहे, आणि एकशे आठ लिंगांचे देऊळ ती कथा आजही सांभाळून आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे प्रथम पाहावी ती वस्तू गाभाऱ्यात नाही. गावालगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळचे, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. तीन हजार कलम धान्य त्यात मावत असे, असे सांगतात. कलम हे तिकडचे भाताचे माप. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या या मुलखात तीन-चारशे वर्षे बाहेरून माणसे का येत राहिली, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे कोठार देते. कोणी तलवार घेऊन आले, कोणी माग घेऊन, कोणी पोथ्या घेऊन. सर्वांच्या पानात पडला तो मात्र या एकाच मातीतला भात.

मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला भेद मराठी माणसास शिकवावा लागत नाही. बिऱ्हाडात चूल असते, देव असतात, मुलेबाळे असतात. नसते ती एकच गोष्ट, ती म्हणजे आपण येथलेच आहोत ही निश्चिंती. पापनाशम तालुका हा अशा बिऱ्हाडांचा तालुका आहे. अय्यमपेट्टै येथे सौराष्ट्री विणकर आहेत. मेलट्टूर आणि शालियमंगलम येथे तेलुगू ब्राह्मणांची वस्ती आहे. या सर्वांवर १६७६ च्या सुमारापासून १७९९ पर्यंत ज्यांनी प्रत्यक्ष राज्य केले आणि पुढे १८५५ पर्यंत नावाची गादी राखली, ते भोसले तर मराठीच बोलत. स्थलांतरिताचे बिऱ्हाड घर केव्हा होते, हा प्रश्न घेऊन या तालुक्याकडे पाहिले, तर तंजावरी मराठी वाङ्मयाचा इतिहास आपल्या नेहमीच्या ग्रंथांतून दिसतो त्याहून निराळा दिसू लागतो.

आपण तंजावरकडे बहुधा वसुलीला जातो. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतले पहिले नाटक ठरवून विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’स दीडशे वर्षांनी मागे सारावे, समर्थसंप्रदायाचे मठ मोजावेत, फारच झाले तर सांबाराच्या शोधाची ती रंजक, पण पुराव्याला न टिकणारी कथा सांगून हशा मिळवावा, आणि परत यावे. ‘पहिले’ नाटक कोणते, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सांगलीच्या रंगभूमीला तंजावरची माहिती नव्हती आणि तंजावरने सांगली पाहिली नव्हती. एकाच भाषेत दोन ठिकाणी दोन नाटके निपजली. त्यांत वडील कोण आणि धाकटे कोण हे ठरवून नाते जुळत नाही. खरा प्रश्न निराळाच आहे. जो राजा तेलुगूत यक्षगाने रचीत होता, ज्याची प्रजा तमिळ बोलत होती आणि ज्याचे पंडित संस्कृतात लिहीत होते, त्याला मराठीत नाटक लिहिण्याची निकड का भासली?

या निकडीचा शोध घेताना अभ्यासकाची एक अडचण होते. स्थलांतराचे वृत्त म्हटले की आपण आत्मवृत्ताची अपेक्षा करतो. मराठीत त्याचा उत्तम नमुना म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. हा ग्रंथ १८८३ च्या सुमारास लिहिला गेला आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो प्रसिद्ध केला. परंतु गोडसे भटजी परतले. गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते आईवडिलांपाशी पोचले, म्हणूनच त्यांच्या प्रवासाला शेवट आहे, आणि शेवट आहे म्हणून कथाही आहे. तंजावरला गेलेले परतले नाहीत. शिवाय ते एकाच पावलात तेथे पोचलेही नव्हते. व्यंकोजी तंजावरला आले ते पुण्याच्या बाजूने नव्हे, तर बंगळूरहून, विजापूरचे सरदार म्हणून. नायक घराण्यातल्या भांडणात मध्यस्थी करावयास आले आणि स्वतःच गादीवर बसले. ‘महाराष्ट्रातून तंजावरात’ हे आपले नेहमीचे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. ज्याची निघण्याची जागाच मध्ये एकदा बदलली आहे, त्याने परतावे तरी कोठे? आत्मवृत्ताचा घाट त्या काळाला उपलब्ध नव्हता हे तर खरेच. पण असता तरी तो या माणसांच्या कामी किती आला असता, याची शंका वाटते. त्यांची आठवण निराळ्या ठिकाणी ठेवलेली आहे, आणि ती कोठे आहे हे पाहावयास या तालुक्यातली इतर बिऱ्हाडेच आपल्याला शिकवतात.

अय्यमपेट्टैचे सौराष्ट्री विणकर घ्या. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातून निघाले, यादवांच्या देवगिरीस राहिले, तेथून विजयनगरास गेले आणि शेवटी तमिळ मुलखात उतरले. या परंपरेला लेखी आधार थोडा आहे. पण तिचा एक साक्षीदार रोज बोलतो. त्यांच्या भाषेचा सांगाडा गुजरातीच्या कुळीचा आहे, त्यावर मराठीचा थर आहे, त्यावर तेलुगूचा आणि सर्वांत वर तमिळचा. जेथे जेथे मुक्काम पडला, तेथला शब्दसंग्रह बरोबर आला. प्रवासाची रोजनिशी कोणी लिहिली नाही, परंतु बोलण्यातच ती उतरली. देवगिरीच्या मुक्कामाविषयी इतिहासकारांनी खुशाल वाद करावा. त्या बोलीतला मराठी शब्द कानी पडला की मराठी वाचक क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही.

याच अय्यमपेट्टैत १७८१ साली व्यंकटरमण भागवत जन्मले. पुढे ते वालाजापेट येथे स्थायिक झाले, म्हणून संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव त्या गावाने ओळखले जाते. ते त्यागराजांचे शिष्य. त्यागराजांच्या कृती आज ज्या हस्तलिखितांच्या आधारे आपल्यापर्यंत पोचल्या, त्यांतला मोठा वाटा या विणकर घराण्याने जतन केलेल्या वह्यांचा आहे. मदुरेच्या सौराष्ट्र सभेने त्या सांभाळल्या. या व्यवहारात कोण कोठले होते पाहा. गाणारा तेलुगू भाषक, उतरून घेणारा सौराष्ट्री, राज्य मराठ्यांचे आणि भूमी तमिळ. यांपैकी कोणालाही आपली भाषा सोडावी लागली नाही; प्रत्येकाला दुसऱ्याची मात्र शिकावी लागली.

मेलट्टूरची गोष्ट याहून स्पष्ट आहे. विजयनगरचा १५६५ मध्ये मोड झाल्यानंतर दक्षिणेकडे सरकलेल्या तेलुगू ब्राह्मणांना तंजावरच्या अच्युतप्प नायकाने येथे जमिनी आणि घरे दिली. परंपरा ५१० कुटुंबे सांगते. पुढे नायक गेले आणि मराठे आले. मराठ्यांनी हे दान मोडले नाही, एवढेच नव्हे तर या गावाचे गाणे-नाचणे वाढू दिले. मेलट्टूरचे व्यंकटराम शास्त्री दुसऱ्या सरफोजींच्या काळातले. त्यांनी रचलेली तेलुगू नृत्यनाटके भागवत मेळा या नावाने आजही नृसिंहजयंतीच्या उत्सवात वरदराज पेरुमाळाच्या देवळापुढे होतात. सर्व भूमिका पुरुष करतात. ‘प्रह्लादचरित्रा’त नृसिंहाचा मुखवटा चढविणारा नट उपवास करून, व्रतस्थ राहून उभा राहतो. बोलणे तेलुगूत आणि प्रेक्षक तमिळ. वर्षानुवर्षे पाहून प्रेक्षकांना तेलुगू पदे तोंडपाठ, नटांचे घरचे बोलणेही बरेचसे तमिळ झालेले. तेव्हा येथे तेलुगू ही व्यवहाराची भाषा उरलेली नाही, ती व्रताची भाषा झाली आहे. जी भाषा वर्षातून एकदा देवापुढे निष्ठेने उभी राहते, तिला मृत म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

आता राजवाड्याकडे येऊ. व्यंकोजींच्या नावावर तेलुगू द्विपद छंदातले रामायण आहे. त्यांचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) तिरुवारूरच्या त्यागेशावर तेलुगू पदे आणि ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचतात. नायकांच्या वेळेपासून तंजावरात दरबारी प्रतिष्ठेची भाषा तेलुगू होती. गादी हवी तर गादीची भाषाही घ्यावी लागते, हे या घराण्याने पहिल्याच पिढीत ओळखले. पण शहाजीराजांचे मन ज्या कृतीत मला सर्वांत उघडे दिसते ती ‘पंचभाषाविलास’. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषांचे हे नाटक. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या कृष्णाच्या ओढीने एकत्र येतात आणि प्रत्येकजण आपल्याच भाषेत बोलते. महाराष्ट्राची राजकन्या तेथे मराठीत बोलते खरी. परंतु ती यजमानीण नाही. इतर राजकन्यांसारखीच तीही पाहुणी आहे. स्वतः राजा असलेल्या लेखकाने आपल्या मातृभाषेला सिंहासनावर न बसविता रांगेत उभे केले, ही गोष्ट मला त्या साऱ्या विनोदी थाटापेक्षा अधिक बोलकी वाटते.

या घराण्याची आठवण अक्षरशः दगडावर कोरली गेली ती मात्र शंभर वर्षांनी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर, देवनागरी लिपीत भोसले वंशाचे मराठी चरित्र कोरलेले आहे. डिसेंबर १८०३ मध्ये ते पुरे झाले. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने चिटणीस बाबूराव यांनी ते रचले. त्याच्या लांबीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि त्यातल्या चुकलेल्या सनावळ्यांची हजेरीही इतिहासकारांनी यथास्थित घेतली आहे. पण हा लेख त्याच साली का कोरला गेला, याचा विचार केल्यास तो बखर न राहता दुसरेच काही होतो.

सरफोजी हे दत्तक. तुळजाराजांनी १७८७ च्या जानेवारीत, मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना, भाऊबंदांच्या शाखेतला हा दहा वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला आणि श्वार्त्स या मिशनऱ्याच्या हाती सोपविला. लगोलग तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादी घेतली. कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले. पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले. मुलगा आधी वाड्यात कोंडल्यासारखा राहिला, मग १७९३ मध्ये मद्रासला नेला गेला. पुढे पंडितांचे दुसरे मत आले. तेच दत्तविधान आता सशास्त्र ठरले. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले आणि ऑक्टोबर १७९९ च्या तहाने किल्ला व त्याचा परिसर तेवढा हाती ठेवून सारा मुलूख कंपनीच्या स्वाधीन करून मोकळे झाले. म्हणजे ज्याचे या घराण्याचा असणे एकदा शास्त्राने नाकारले आणि एकदा मान्य केले, ज्याला राज्य मिळाले आणि वर्ष-सव्वा वर्षातच राज्याचा गाभा गेला, असा सव्वीस वर्षांचा माणूस ही भिंत कोरवून घेतो आहे. त्याला आपला पूर्वजांपर्यंतचा धागा अखंड दाखवायचा आहे. अशा माणसाकडून सनावळीच्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे म्हणजे शपथ घेणाऱ्याचे व्याकरण तपासण्यासारखे आहे.

ज्या देवळात हा लेख आहे, त्याच्या भिंती राजराज चोळाच्या तमिळ लेखांनी आधीच भरलेल्या आहेत. देऊळ १०१० मध्ये पुरे झाले. दिव्यांना तूप कोणी पुरवायचे, त्यासाठी मेंढ्या कोणाकडे ठेवल्या, देवदासी किती आणि त्यांची घरे कोणत्या आळीत, हे सारे त्या लेखांत नोंदले आहे. ते त्या भूमीशी बोलतात, कारण ज्यांनी वाचायचे ते तेथलेच होते. मराठी लेख कोणासाठी? यात्रेकरू बहुसंख्य तमिळ. दरबारचे कारकून मराठी लिहीत ते मोडीत. देवनागरी ही त्यांची पोथीची लिपी. तेव्हा बाळबोध अक्षरांत कोरलेली ही लांबलचक वंशावळ रोजच्या वाचकासाठी नव्हतीच. साक्षीला देव होता आणि पुढचा काळ होता. स्थलांतरिताने आत्मवृत्त लिहिले, परंतु ‘मी’ हा शब्द टाळून. आणि लिहिले ते दुसऱ्याच्या घराच्या भिंतीवर. त्या भिंतीवर तो अधिकाराने लिहू शकला, ही राजाची सोय. विणकराला तशी भिंत मिळत नाही.

सरफोजींच्या भिंतीपेक्षा त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’ मला अधिक जवळची वाटते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. नायिका विरहाने झुरत असते. डोंगरातली भटकी कुरत्ती येते, आपल्या पर्वताचे, नद्यांचे, मुलखाचे वैभव गाते, हात पाहते आणि मीलनाचे भविष्य सांगते. तिरिकूडरासप्प कविरायांची ‘कुट्राल कुरवंजी’ हे या प्रकाराचे शिखर. खुद्द सरफोजींना नायक करून शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली, आणि ती बृहदीश्वराच्या उत्सवात नाचली जाई. सरफोजींनी स्वतः मराठीत कुरवंजी लिहिली, आणि कुरत्तीने आपला मुलूख वर्णावा या जुन्या संकेताचा त्यांनी अजब उपयोग केला. त्यांची कुरत्ती पृथ्वीचे खंड, देश आणि समुद्र गाते. श्वार्त्सकडे आणि मद्रासेत शिकलेला भूगोल एका भटक्या बाईच्या तोंडी मराठी पदांत उतरला. विद्याप्रसारासाठी केलेली ही युक्ती, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते खोटे नाही. तरीही एक गोष्ट राहतेच. तमिळ कुरत्तीला गाण्यासाठी एक डोंगर असतो, जो तिचा असतो. मराठी कुरत्ती सगळी पृथ्वी गाते आणि स्वतःचा असा एकही डोंगर सांगत नाही.

भाषांतरकाराला असा ग्रंथ क्वचितच भेटतो. शब्द मराठी आहेत, पण साहित्यप्रकाराचे व्याकरण तमिळ आहे. त्यामुळे पुण्यातल्या वाचकाला तो मराठी असूनही समजावून द्यावा लागतो. सरफोजींच्या नृत्यरचनांच्या संग्रहाचे नावच पाहा: ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. कोर्वै हा तिकडच्या नाचाचा शब्द, साहित्य संस्कृत, जिन्नस फारसीच्या वाटेने आलेला. आणि या तिघांना जोडणारे प्रत्यय तेवढे मराठी. तंजावरी मराठीचे सारे चरित्र त्या प्रत्ययांत आहे, असे मला पुष्कळदा वाटते.

राज्य बुडाल्यावर या लोकांचे काय झाले? दुसरे शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी खाजगी मिळकतीसाठी लढविलेला दावा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात हरला, तरी १८६२ मध्ये सरकारने मिळकत परत केली. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यामुळे वाचला. दरबारी मंडळी पांगली. त्यांतल्या काहींची वाट मोठी विलक्षण आहे. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे. म्हणजे होळकर-गायकवाडांच्या मराठी राज्यांत एक मराठी माणूस पोचला; पण पोचला तो मद्रास इलाख्यातला इंग्रजी शिकलेला प्रशासक म्हणून. त्याच्या नावापुढचे ‘टी’ हे आद्याक्षर तंजावरचे. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडून ते शेवटी ठेवतो. तमिळ रीतीत गाव पुढे येते आणि एका अक्षरात मावते. मागे ‘राव’ आणि पुढे ‘टी’ अशा नावात दोन मुलूख एकमेकांकडे पाठ न करता उभे आहेत. आणि १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन, पहिल्या चिमणाबाई म्हणून, बडोद्यास गेली. तिच्याबरोबर नर्तकी आणि वादक गेले. दोनशे वर्षांनी एक लेक मराठी राज्यात ‘परत’ आली आणि आहेरात घेऊन आली ते तमिळ नृत्य! तिला अवघे पाच वर्षांचे आयुष्य त्या घरी लाभले. नर्तकी मात्र तेथेच राहिल्या.

माझ्या मते तंजावरी मराठीला घर मिळाले ते याच राज्यहीन काळात, आणि ते मिळवून दिले कीर्तनाने. त्याची पूर्वपीठिका जुनी आहे. समर्थसंप्रदायाचे मठ तंजावरात आणि मन्नारगुडीस होते. त्या परंपरेतले मेरुस्वामी स्वातितिरुनाळ महाराजांच्या (कारकीर्द १८२९ ते १८४६) पदरी त्रिवेंद्रमला गेले, आणि महाराजांनी कीर्तनासाठी ‘कुचेलोपाख्यान’ व ‘अजामिलोपाख्यान’ संस्कृतात रचली. परंतु पालट झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार तंजावरास येऊन राहिले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. भागवतर तमिळ, श्रोते तमिळ, निरूपण तमिळ. पण कथेच्या सांध्यांवर साकी, दिंडी, ओवी, अभंग आले, आणि ते याच नावांनी आले. मराठी छंद तमिळ शब्द अंगावर घेऊन उभे राहिले. पुढे सी. सरस्वतीबाईंसारख्या स्त्रियांनीही ही कथा सभांतून केली. जे दीडशे वर्षांच्या राजाश्रयाने झाले नाही, ते चिपळ्यांनी पन्नास वर्षांत केले. राजाच्या नाटकात मराठी राजकन्या पाहुणी होती. कीर्तनात मराठी दिंडी घरची झाली, कारण तमिळ माणसाला ती आपल्या कामाची वाटली.

येथेच थांबता आले असते तर बरे वाटले असते. परंतु पापनाशमने आपल्या नावाने ज्याला जगापुढे धरले तो माणूस हा सुखाचा शेवट होऊ देत नाही. पापनाशम शिवन यांचे मूळ नाव रामय्या. जन्म १८९० चा, तंजावर मुलखातल्या पोलगमचा. सातव्या वर्षी वडील गेले आणि आईने मुलांना घेऊन त्रिवेंद्रम गाठले. ज्या वाटेने मेरुस्वामी कीर्तन घेऊन गेले होते, त्याच वाटेने हे पोरके कुटुंब अन्नासाठी गेले. १९१० मध्ये आई वारल्यावर रामय्या देवळे आणि भजने करीत भटकला आणि शेवटी भावाच्या आश्रयाने पापनाशमला आला. अंगभर भस्म फासून गाणाऱ्या या तरुणाला लोक शिवन म्हणू लागले, आणि जे गाव जन्माचे नव्हते ते त्याच्या नावापुढे लागले. १९३० च्या सुमारास तो मद्रासला गेला तेव्हा ते नाव बरोबर गेले आणि १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. तमिळ माणूस, तमिळ मुलखात, आणि तरीही बिऱ्हाडकरू.

शिवन यांनी तमिळमध्ये दोन हजारांवर कृती रचल्या आणि लोकांनी त्यांना तमिळ त्यागय्या म्हटले. हे बिरुद प्रेमाचे खरे, पण त्यात एक व्यथा आहे. तमिळ भूमीवर, तमिळ श्रोत्यांपुढे, मोठेपणा मोजावयाचा तर माप तेलुगूचे घ्यावे लागत होते. १९४० नंतरच्या तमिळ इसै चळवळीने, राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने, हीच गोष्ट उघड मांडली: मैफलीत तमिळ पदांना शेवटी, उरल्यासुरल्या वेळात जागा मिळते, ती बरोबरीने मिळाली पाहिजे. ही स्थिती कोणी आणली? नायकांच्या आणि मराठ्यांच्या दरबारांनी, असे म्हणणे पूर्ण सत्य नसले तरी त्यात सत्याचा अंश मोठा आहे. तंजावरच्या राजांची बहुभाषिक रसिकता आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्या पाच भाषांच्या पंगतीत यजमान तमिळ होती आणि वाढपीही तीच होती. कोठारातला भात तिचा होता. शहाजीराजांनी मराठीला रांगेत उभे केले, तेव्हा त्याच रांगेत तमिळलाही उभे केले होते, आणि ती तर स्वतःच्या घरात उभी होती. आपण बाहेर गेलेल्या मराठीच्या उपेक्षेविषयी तक्रार करतो. ती करण्यापूर्वी, आपण राज्यकर्ते असताना यजमानाच्या भाषेला कोठे बसविले होते, हा हिशेब महाराष्ट्रातल्या वाङ्मयेतिहासाने अद्याप मांडलेला नाही.

तो मांडावयाचा तर साधने तंजावरात आहेत. सरस्वती महालातले मोडी कागद आहेत. छापलेली नाटके आहेत, ज्यांच्या भाषेचा कसून अभ्यास व्हावयाचा आहे. आणखी एक साधन घरांतले आहे. दरबार संपल्यावर मोडी गेली. मुले तमिळ आणि इंग्रजी शाळांत गेली, तेव्हा बाळबोधही सुटली. घरात मराठी बोलणे चालू राहिले आणि आरत्या, पदे, मंगलकार्यांची गाणी पुष्कळ घरांत तमिळ लिपीत उतरविली गेली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. तेव्हा तेथे ‘कर’ लिहिले, ‘गर’ लिहिले की ‘घर’ लिहिले, कागदावर रूप एकच दिसते. काय वाचावयाचे ते वाचणाऱ्याला घरच्या बोलण्यावरून आधीच ठाऊक असावे लागते. अशा वह्यांचे संपादन हाती घेणाऱ्याने केवळ देवनागरी पाठ छापून चालणार नाही. तमिळ लिपीतले मूळ डाव्या पानावर आणि देवनागरी वाचन उजव्या पानावर द्यावे, आणि जेथे एका अक्षराची दोन वाचने संभवतात तेथे दोन्ही द्यावीत. शक्य तोवर ते वाचन त्या त्या घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून करावे. हे काम एकट्या मराठी अभ्यासकाचे नाही. शेजारी तमिळ जाणणारा लागेल.